शाम्पूच्या बाटलीतले जवसाचे पाणी

रिकामी

मी एक जुनी बाटली आहे, मित्रांनो. पेडगावात मालनबाईच्या घरी, न्हाणीच्या कोनाड्यात उभी असते. माझ्या अंगावर एक कागद आहे. त्यावर लांब केसांची बाई छापली होती. पाणी लागून लागून तिचे तोंड गेले, केस तेवढे राहिले.

कागद म्हणतो, मी शाम्पूची. वास म्हणतो, मी शिकेकाईची. दोघांचे ऐकून मी कंटाळले आहे. खरे सांगायचे तर बाटलीला स्वतःचे असे काही नसते. आत जे ओतले जाते तेवढीच तिची गोष्ट. म्हणून मी माझी गोष्ट वर्षांच्या हिशोबाने सांगणार नाही. माझ्यात किती उरले होते, त्या हिशोबाने सांगेन. मध्येच ती तुटेल. तुटली तर तुटू द्या. काचच आहे मी.

गळ्यापर्यंत

माझा जन्म मुंबईकडच्या एका काचेच्या कारखान्यात झाला. आधी मी लाल होते, मग पांढरी झाले, मग थंड. दुसऱ्या एका कारखान्यात माझ्यात जांभळे दाट पाणी भरले. त्याला गुलाबासारखा वास होता, पण तो गुलाबाचा नव्हता. पुढे परभणीच्या एका दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर मी बरेच महिने धूळ खात उभी होते. लोक खाली साबण मागायचे. माझ्याकडे मान वर करून कोणी पाहायचे नाही.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये किशनने मला उतरवून घेतले. किशन परभणीला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून. त्याच्या धाकट्या बहिणीला, सुलाला, मास्तरणीच्या शिक्षणासाठी परभणीच्या अध्यापक विद्यालयात जागा मिळाली होती. पेडगावच्या त्यांच्या वस्तीतून एवढे शिकायला निघालेली ती पहिलीच मुलगी.

"दादा, हे काय?"

"केस धुवायचं. वसतिगृहात समद्या पोरी हेच लावतात. तू काय काळी माती घेऊन जाणार हायस का?"

सुला हसली. तिची आई मालनबाई हिने मला उचलून उजेडात धरले. सुलाची वेणी कमरेपर्यंत होती. आदल्या दिवशी करडीचे तेल चोळायचे आणि दुसऱ्या दिवशी शिकेकाईने न्हाऊ घालायचे, हे काम मालनबाईने सतरा वर्षे केले होते.

"ह्याच्यात तेल असतंय का?"

"तेल काढायसाठीच असतंय हे, माय."

"मग घालायचं कामून आन् काढायचं कामून?"

किशनने मला सुलाच्या ट्रंकेत ठेवून दिले.

अर्धी

वसतिगृहात माझे फार कौतुक झाले. मुली माझे झाकण उघडून नुसता वास घ्यायच्या. एखादी बोटभर मागून न्यायची. सुलाने तेल सोडले. तेलाने केस चिप्प बसतात, असे तिला मैत्रिणींनी सांगितले होते.

तिथल्या विहिरीचे पाणी मचूळ होते. त्यात फेसच यायचा नाही. फेस येईना म्हणून मला जास्त ओतायचे, आणि जास्त ओतले म्हणून केस आणखी कोरडे. मला हे कळत होते. पण ओतल्या जाणाऱ्याला कोण विचारतो?

जानेवारीत सुलाला मुदतीचा ताप आला. अठरा दिवस ती अंथरुणावर होती. ताप उतरल्यावर पहिल्याच रविवारी ती न्हायला बसली. अंगात शक्ती नव्हती, डोक्याला वास येत होता. तिने मला उपडे धरले आणि सगळी ओतली. सगळे केस डोक्यावर गोळा केले आणि गोल गोल चोळले. मचूळ पाणी, त्यावर मी, त्यावर पुन्हा मचूळ पाणी. मग केस खाली सोडायला गेली, तर ते खाली आलेच नाहीत.

पाहिलेत ना? अर्धी होते ती एकदम

रिकामी, दुसऱ्यांदा

डोक्यामागे केसांचा एक गठ्ठा झाला होता. सुगरणीच्या खोप्यासारखा. फणीचे चार दात मोडले. सुलाने तो तसाच ओला बांधून टाकला. दोन दिवसांत तो वाळून कडक झाला.

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींना हे ठाऊक नसेल. आमच्याकडे अशा गठ्ठ्याला जट म्हणतात. जट आली म्हणजे देवीने धरले, अशी समजूत आहे. ती विंचरायची नाही, कापायची नाही, तिला हळदकुंकू लावायचे. आणि पोरगी असली तर तिला देवीला सोडायचे. मग तिला शाळा नाही, संसार नाही. हातात परडी घ्यायची आणि दारोदार जोगवा मागायचा.

खोलीतल्या एका मुलीने जट पाहिली आणि सुलाच्या पाया पडली. दुसऱ्या दिवशी जेवताना बाकीच्यांनी ताटे लांब सरकवली. वसतिगृहाच्या बाईंनी सुलाला बोलावून घेतले.

"आठ दिवसांची रजा देते. पुढच्या सोमवारी तुझा पाठ आहे, तपासायला वरून माणसं यायची आहेत. हे असं घेऊन मुलांसमोर उभी राहू नकोस. आणि आलीच नाहीस तर वर्ष गेलं म्हणून समज."

सुलाने ट्रंक भरली. तिच्यात मलाही ठेवले. रिकामी बाटली आमच्याकडे कोणी टाकत नाही, एवढेच त्याचे कारण.

घरी आल्यावर ती अंगणात मान खाली घालून बसली.

"माय, काप."

मालनबाईने कातर आणली. तेवढ्यात दारात चांगुणाबाई आली. ही मालनबाईची थोरली जाऊ. पदर कपाळावर ओढलेला, तो पुढे बरेच दिवस मी मागे सरकलेला पाहिला नाही.

"मालन, कातर ठिव खाली."

"आक्का, तुमी मधात पडू नका."

"माह्या बहिणीची, सरजाची जट काकानं कापली व्हती. आठव्या दिवशी सरजा गेली. मी उशाला बसून व्हते."

"आपण धम्माची दीक्षा घेतली तवा देव नदीत सोडले ना? तुमीबी व्हतात."

"देव सोडले गं," चांगुणाबाई म्हणाली. "भेव कुठं सोडलं?"

सुलाचे वडील सटवाजी ओट्यावर दोरी वळत बसले होते. चांगुणाबाई त्यांच्याकडे वळली. "भाऊजी, तुमी तरी सांगा. तुमचं तर नावच सटवाईचं हाय."

"नाव बापानं ठिवलं, वहिनी. मी बदलायला गेल्तो. तर म्हणले, सातबाऱ्यावरबी बदलावं लागंल. दीड एकरासाठी कोण हिंडतंय?"

मालनबाईने कातर खाली ठेवली. चांगुणाबाईला वाटले, आपले ऐकले. तसे नव्हते.

"कापली तर उद्या पोरीला नुस्ती शिंक आली तरी म्हणतील, जट कापली म्हणून आली. मी कापीत न्हाई. मी सोडविते."

"जट कुठं सुटती का?"

"बैलाच्या शेपटीत गोखरू अडकलं," सटवाजी दोरी वळता वळता म्हणाले, "तर शेपूट कापतो का आपण? शेवटाकून धरायचं, जवसाचं पाणी लावायचं, वढायचं न्हाई."

"पोरगी हाय ती. बैल न्हाई."

"बैल लाथ तरी मारतो. ही तेवढंबी करीना."

सुला हसली. ट्रंक उतरल्यापासून पहिल्यांदा.

पुन्हा गळ्यापर्यंत

त्या दिवशी मालनबाईने चुलीवर जवस उकळत ठेवला. पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे तार धरू लागल्यावर ते गरम असतानाच जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळले. शिकेकाईच्या शेंगा आणि वाळलेला आवळा कुटून वेगळे उकळले. रिठा एकच घातला, बी काढून.

"येवढाच?" सुलाने विचारले. "फेस येणार न्हाई, माय."

"फेस काय करायचाय? फेसानंच हे झालंय. बुळबुळ पायजे."

हे सगळे भरायला तिला अरुंद तोंडाचे काहीतरी हवे होते, धार बारीक पडेल असे. ट्रंकेत मी होते. अशी मी दुसऱ्यांदा भरले गेले. जांभळ्या पाण्याच्या जागी करड्या रंगाचे, तोंड वाकडे करायला लावणाऱ्या वासाचे पाणी. अंगावरचा कागद मात्र तोच.

सुलाने आईच्या मांडीवर डोके ठेवले. मालनबाईने आधी गठ्ठ्यावर करडीचे तेल मुरवले. मग पोते शिवायची दाभण घेतली. अगदी टोकाकडून एक केस उचलायचा, माझ्यातले चार थेंब सोडायचे, केस सरकतो का पाहायचे. सरकला नाही तर शेजारचा. मी आयुष्यात इतकी हळू कधी ओतले गेले नव्हते. पहिल्या दिवशी जट दोन बोटे सुटली. करडी काढणीला आली होती. सगळ्या बाया रानात गेल्या, मालनबाई गेली नाही.

चांगुणाबाई रोज यायची. लांब, भिंतीला टेकून बसायची आणि पाहायची.

"सुटायलीय का?"

"या की जवळ. चावत न्हाई ती."

"मी हितंच बरी."

तिसऱ्या दिवशी माझ्या हातून एक गोष्ट घडली. रोज उकळायचा त्रास नको म्हणून मालनबाईने पहिल्याच दिवशी बरेच पाणी करून मला गच्च भरले होते आणि झाकण पिळून बसवले होते. मी अंगणात उन्हात उभी होते. माझ्या पोटात काहीतरी फुगू लागले. भरदुपारी झाकण उडाले, ठण्णदिशी पत्र्यावर आदळले आणि माझ्या तोंडातून फेस वाहू लागला.

चांगुणाबाई उठून उभी राहिली. "कोपली," ती हलकेच म्हणाली. "म्हणलं व्हतं मी."

मालनबाईचे हात थांबले. खोटे कशाला सांगू, तिचाही चेहरा उतरला. सुलाने डोळे मिटून घेतले. मला बोलता येत असते तर मी सांगितले असते, बायांनो, मी कोपले नाही. मी आंबले आहे.

बऱ्याच वेळाने मालनबाईने मला उचलून हुंगले.

"आंबलंय," ती म्हणाली. "परवाचं हाय ना. ताक आंबत न्हाई का?"

"खरंच?"

"या, वास घ्या."

चांगुणाबाई आली नाही. पण घरीही गेली नाही.

त्यानंतर मला रोज सकाळी ताजे भरत, तेही निम्मेच. दिवस सरत गेले. गुरुवारी गठ्ठा मुठीएवढा राहिला, शनिवारी लिंबाएवढा. न्हाणीत सुटून गळालेल्या केसांचा झुबका साचत होता. सुलाची मान आखडली. मालनबाईची बोटे चिरली, त्यात शिकेकाई झोंबायची.

बोटभर

रविवारी दुपारी सुपारीएवढी गाठ उरली. अगदी मुळाशी, घट्ट. मालनबाईला आता केस दिसेनासे झाले होते.

"माय, येवढी राहू दे," सुला म्हणाली. "मी वेणीत झाकीन. सकाळच्या गाडीनं गेलं पायजे."

"झाकलेली का असंना, जटच असती ती."

तिने पुन्हा दाभण उचलली. दाभण हातातून निसटली. पुन्हा उचलली.

"सरक."

चांगुणाबाई भिंत सोडून आली होती. तिने मालनबाईच्या हातातली दाभण घेतली.

"वत गं," ती म्हणाली.

मालनबाईने मला वाकडे केले. थेंब थेंब. चांगुणाबाईने एक केस ओढून काढला, मग दुसरा. सटवाजींनी दोरी वळायची थांबवली होती. शेवटी गाठ आपोआप सैल झाली आणि आतून निळ्या रिबिनीचा एक धागा निघाला. सुलाच्या वसतिगृहातल्या रिबिनीचा.

चांगुणाबाईने तो तळहातावर घेतला. बोटाने उलटा केला, सुलटा केला.

"येवढंच हाय व्हय आत?" ती म्हणाली.

मालनबाईने सुलाचे मोकळे केस तिच्या पाठीवर सोडले.

चांगुणाबाईने मला उचलून कानाशी हलवले. "उरलंय का ह्याच्यात?"

"हाय बोटभर. कामून?"

तेव्हा तिने पदर मागे सारला. उजव्या कानामागे बोटाएवढी जाड जट होती. जुनी, हळदीने पिवळी पडलेली.

"खडी फोडायला जात व्हतो ना दुष्काळात, तवाची. दर मंगळवारी हळद लावायलेय."

"आक्का, आन् आमाला सांगितलं न्हाई?"

"तू कातर घेऊन आली असतीस."

"आले असते," मालनबाई म्हणाली, आणि तिचे डोके मांडीवर घेतले.

उरलेली

सोमवारी सुला तेल लावलेली वेणी घालून गेली. केस थोडे विरळ झाले होते. मला तिने नेले नाही. फडक्यात शिकेकाई बांधून नेली. पाठ बरा झाला, असे पत्र नंतर आले.

मी चांगुणाबाईसाठी मागे राहिले. तिची जट जुनी होती. महिनाभर रोज सकाळी जवस उकळला, तरी निम्मीच सुटली. मग एके दिवशी ती स्वतःच म्हणाली, "आण कातर." आणि उरलेली तिने आपल्या हाताने कापली. कापल्यावर घरी गेली आणि तिने दार लावून घेतले. मालनबाई रोज कसल्या ना कसल्या निमित्ताने तिकडे डोकावून यायची. सरजाचा आठवा दिवस कोणीच विसरले नव्हते.

आठव्या दिवशी सकाळी चांगुणाबाई आली आणि उंबऱ्यावर बसली.

"मालन, आठ दिवस झाले."

"मग?"

"भूक लागलीय."

मालनबाईने तव्यावरची भाकरी तिच्या हातावर ठेवली.

मित्रांनो, मी आता थकले आहे. वस्तीतल्या किती डोक्यांवर मी ओतले गेले, त्याची मोजदाद नाही. माझ्यातले जांभळे पाणी वाईट होते, असे मी म्हणत नाही. ते घाईने ओतले गेले आणि त्याच्या आधी तेल नव्हते. तुम्ही माझ्यात काही भराल तर थोडे भरा, रोजचे रोज भरा. गुंता दिसला की शेवटाकडून धरा. आणि एवढे ऐका, झाकण घट्ट लावू नका.