मुंगीचं माप

"आपण सगळ्यांनी मिळून थीम पार्कला जायचं," वहिनी म्हणाली, तेव्हा मी काज करत होते. सुई सरळ बोटात घुसली. थीम पार्क म्हणजे काही शहराबाहेरचं नव्हे. विमानात बसून, दुसऱ्या देशात उतरून जायचं ते.

आमचं शिवणाचं दुकान आहे. माझा भाऊ, म्हणजे दादा, कापड कापतो, वहिनी मशीनवर शिवते आणि मी काजं, बटणं, हातशिलाई आणि गिऱ्हाइकांशी भांडणं ही कामं सांभाळते. चारही कामांत मी चोख आहे. दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. चौथी माझी भाची. लहानखुरी आहे आणि दिवसभर घरातलं काही ना काही ओढून नेत असते, म्हणून तिला आम्ही मुंगी म्हणतो.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसानं," मी बोट चोखत म्हटलं.

"अंथरूण आपणच शिवतो ना, वन्सं? कमी पडलं तर जोड देऊ," वहिनी म्हणाली आणि पुन्हा मशीनवर पाय मारायला लागली.

मी फटकळ म्हणून गल्लीत प्रसिद्ध आहे, पण या बाईपुढे माझं तोंड नेहमी अर्ध्यावर बंद पडतं.

हे सगळं सुरू झालं अजगरामुळे. त्या पार्कात एक गाडी आहे. रुळांवरून ती वेटोळी घालत जाते आणि आत बसलेल्यांची डोकी खाली, पाय वर करते. तिचं खरं नाव वेगळं आहे, आमच्या घरात मात्र ती अजगर. मुंगीने ती कुणाच्या तरी फोनवर पाहिली आणि पोरीला वेड लागलं. कापायच्या कापडावर खडूने अजगर, माझ्या बटणांच्या डब्यावर अजगर. एकदा तर दादा एका साहेबांची पँट अजगराच्या शेपटीवरून कापायला निघाला होता, थोडक्यात वाचला. हट्ट असा तिने कधी केला नाही. नुसती विचारायची, "आत्या, अजगरात बसल्यावर पोटात कसं होत असेल गं?" आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच डोळे मिटून उभी राहायची.

वहिनीने ते पाहिलं होतं. ती थेट कामाला लागली.

तिची बेत आखण्याची रीत मी जवळून पाहिली आहे आणि अजूनही तोंडात बोट जातं. लोक विमानाच्या तिकिटापासून सुरुवात करतात. वहिनीने राहण्यापासून केली, कारण पैसा खरा तिथे जातो. आमच्याकडे येणाऱ्या एका नर्सबाईंची मावसबहीण त्या पार्काजवळ लॉज चालवते. वहिनीने तिला फोनवर विचारलं, "तुमच्याकडे पडदे कसे आहेत हो?" ती बिचारी गोंधळली. मग म्हणाली, जुने झालेत, विटलेत, पण तिकडे शिलाई परवडत नाही. झालं. आधी एका खोलीचे, मग दोन खोल्यांचे, आणि शेवटी अख्ख्या लॉजचे पडदे शिवून न्यायचे ठरले. बदल्यात आमची राहण्याची सोय, वर स्वयंपाकघर वापरायची मुभा.

"पण लॉजवालीने माप खिडकीचं दिलंय, दांडीचं नाही," दादाने शंका काढली.

"म्हणून तर खाली वीतभर दुमडून ठेवणार आहे. तिथे लावून बघू आणि लागेल तेवढं सोडू."

विमान तिने आठवड्याच्या मधल्या वाराचं धरलं. वाटेत एका विमानतळावर बराच वेळ बसावं लागणार होतं, म्हणून ते स्वस्त. "बसायला काय जातंय? घरी तरी आपण बसूनच असतो," ती म्हणाली. प्रवासाच्या ऑफिसातला माणूस तिच्याकडे बघतच राहिला. आधी त्याने आम्हाला चकचकीत टूरचा कागद दाखवला होता. वहिनीने तो उलट्या बाजूने चाळला, एकेक गोष्ट गाळत गेली, आणि शेवटी तोच म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसा आता."

पार्काचं तिकीट उंचीवर असतं हे त्यानेच सांगितलं. पार्काच्या दाराशी एक रेघ आहे. डोकं रेघेखाली असेल तर अर्धं तिकीट, वर गेलं की पूर्ण.

"आणि अजगर?" मुंगीने विचारलं.

"अजगरात बसायचं तर रेघेच्या वर असावं लागतं, बाळा." मग तो आमच्याकडे वळून हसत म्हणाला, "आत्ता खाली आहे, बरं आहे. जाईपर्यंत हिला वाढू देऊ नका, म्हणजे अर्ध्यात भागेल."

आम्ही हसलो. वहिनी मुंगीला म्हणाली, "जायला खूप महिने आहेत. तोवर होशील की मोठी."

घरी येऊन दादाने दुकानाच्या चौकटीवर पार्काची रेघ आखली. मुंगी तिच्या खाली दोन बोटं होती. दर रविवारी सकाळी माप घ्यायचं ठरलं. त्या दिवशी ही बया माझा जुना लांब गाऊन घालून चौकटीला पाठ लावायची. मला वाटायचं, मोठं दिसायची हौस. दादा डोक्यावर पट्टी ठेवून खडूने खूण करायचा.

मधेच विमानाची तिकिटं महागली. दादा जेवताना म्हणाला, "आता याउपर काही वाढलं, तर मात्र आपल्याला झेपायचं नाही." वहिनी म्हणाली, "बघू." मुंगी खाली मान घालून जेवत होती.

रविवारांमागून रविवार गेले. खूण काही सरकेना. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, सगळ्या एकाच जागी. वर्गातल्या मुली ताडमाड वाढल्या आणि आमची मुंगी होती तिथेच. येणारीजाणारी गिऱ्हाइकं तोंड घालायला लागली. एक बाई म्हणाल्या, "खायला घालता ना नीट?" त्यांच्या ब्लाऊजची बटणं मी मुद्दाम एक आठवडा उशिरा लावली.

पण दादाच्या मनाने घेतलं. तो आतल्या आत झुरायला लागला, कापताना हात थांबायला लागला. अखेर एका दुपारी त्याने कात्री खाली ठेवली. "मोठ्या डॉक्टरला दाखवायचं," तो म्हणाला. "तपासण्या महाग असतात म्हणे. तिकिटं परत करायला अजून मुदत आहे. उद्या जाऊन सगळं रद्द करून येतो."

मी वहिनीकडे पाहिलं. तिच्याकडे जोड द्यायला काहीतरी असेलच, असं वाटलं. ती तयार पडद्यांच्या ढिगावर हात ठेवून बसली होती. "करा," ती म्हणाली. "पोरीपुढे अजगर काय."

मला रडू आलं. मला रडू आलं की राग येतो आणि राग आला की मी काम काढते. दोरीवरून मुंगीचा शाळेचा फ्रॉक ओढला, काठ उसवलेला होता. हातात घेतला आणि थबकले. हा काठ मी याच वर्षी एकदा सोडला होता. वहिनी पोरांच्या कपड्यात भरपूर माया ठेवते, आत दुमडलेलं जास्तीचं कापड, म्हणून सोडता आला. आणि कालच मुंगी शाळेत निघाली तेव्हा हाच फ्रॉक गुडघ्याच्या वर दिसत होता.

"दादा, चौकट म्हणते पोरगी वाढली नाही. मग हा फ्रॉक काय धुऊन आटला?"

वहिनीने फ्रॉक माझ्या हातातून घेतला, काठावरची जुनी दुमड बोटाने चाचपली आणि उठली. मुंगी मागच्या खोलीत अभ्यास करत होती. वहिनीने तिला हाताला धरून चौकटीशी आणलं. आज रविवार नव्हता, अंगात गाऊन नव्हता. मुंगीने पाठ लावली आणि तिचे गुडघे आपसूक पुढे आले. सवयच झाली होती.

"सरळ उभी राहा," वहिनी हळूच म्हणाली.

मुंगी सरळ झाली. डोकं रेघ ओलांडून वर गेलं.

मग मुंगीच म्हणाली, एका दमात, खाली बघत. "पूर्ण तिकीट लागलं तर बाबांना झेपणार नाही. मला नको अजगर. मी खालून बघेन. पण आपण जाऊ या ना."

दादाने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. माझं तर विचारूच नका. एवढीशी पोर, आणि ज्या गोष्टीसाठी झुरत होती तीच गाऊनखाली लपवून ठेवत होती. मुंगी होऊन साखर खावी म्हणतात. या मुंगीने सगळी साखर आम्हाला वाटून टाकली होती.

वहिनी रडली नाही. ती खाली बसली आणि मुंगीचे दोन्ही गुडघे तळव्यांनी चोळायला लागली. "मी कुठल्या पोराचा कपडा आजवर मापात माप शिवलाय? सांग. वाढायला जागा ठेवल्याशिवाय तुझ्या बाबांना कात्री लावू देते का मी?"

मुंगीने मान हलवली.

"मग तुझी सहल मी मापात माप बेतेन? तुझं तिकीट पहिल्या दिवसापासून पूर्णच धरलंय. अख्ख्या लॉजचे पडदे घेऊन राहण्या-जेवणाचे पैसे कशाला वाचवले होते मग?"

दादा वळला. "आणि हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ती माया दुसरीकडे वापरून टाकली असती," वहिनी म्हणाली. ते खरंच होतं.

आम्ही गेलो. बॅगांत आमचे कपडे कमी आणि पडदे जास्त. लॉजवालीने मापं चुकवलीच होती. मी आणि वहिनीने पहिली दुपार काठ सोडण्यात घालवली, तेव्हा कुठे ते जमिनीला टेकले. दुसऱ्या दिवशी सकाळी चार पूर्ण तिकिटं काढून पार्कात पाऊल ठेवलं आणि मुंगी सरळ अजगराच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

अजगराच्या दाराशी एक मिशीवाला गणवेशात उभा होता, हातात रंगीत काठी. त्याने मुंगीकडे नुसतं पाहिलं आणि जा म्हणून हात केला. वहिनी आडवी आली.

"मोजा," ती म्हणाली. त्याला आपली भाषा कुठली कळायला? तिने काठीकडे बोट दाखवलं, मग मुंगीकडे. त्याने पुन्हा जा म्हणून हात केला. वहिनी हलली नाही. मागची रांग कुरकुरली, तेव्हा मी वळून पाहिलं. माझं ते पाहणं कुठल्याही भाषेत कळतं.

त्याने काठी आडवी धरली. मुंगी तिच्याजवळ गेली आणि तिचे गुडघे किंचित वाकलेले मला दिसले. वहिनीलाही दिसले. ती नुसती थांबली. मग मुंगीने आमच्याकडे पाहिलं आणि ती ताठ झाली. काठी तिच्या कपाळाला लागली. मिशीवाला हसला आणि बोटांनी दाखवलं, एवढी वर.

तेव्हा मात्र वहिनीचे डोळे भरून आले. दादाने अजगराकडे एकदा पाहून बॅगा सांभाळायचं ठरवलं आणि मीही लगेच त्याच्या मदतीला राहिले. म्हणून वहिनीच तिच्याबरोबर निघाली.

आत शिरताना मुंगीने तिचा हात ओढून विचारलं, "आई, आता वाढले तर चालेल?"

"वाढ," वहिनी म्हणाली. "फ्रॉकला भरपूर माया ठेवलीय."