चार वेळा कदाचित

सकाळी नऊला सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एका अनोळखी संपादकाचा उद्धार केला.

"ऐका. 'आकडे ठाम आहेत, मग लेखक का नाही? एका परिच्छेदात चार वेळा कदाचित.' हा कोण टिकोजीराव मला विचारणार?"

सुनेचा चमचा कपातच थांबला. ती ओळ काल दुपारी तिनेच समासात लिहिली होती.

शोधनिबंधांचं इंग्रजी तपासणं हे तिचं काम. ती जिच्यासाठी काम करते ती संस्था लेखकाचं नाव झाकून निबंध पाठवते. लेखकालाही संपादक कळत नाही. सासऱ्यांनी आपला निबंध तिला दाखवलाच नव्हता. "घरच्यांनी तपासणं म्हणजे आईने दिलेले मार्क," म्हणत त्यांनी तो परस्पर बाहेर तपासायला धाडला. भाषेपायी तो नियतकालिकाकडून दोनदा परत आला होता. त्यांनी दिलेली शेवटची मुदत आज संध्याकाळी संपत होती.

कीटकनाशकांचे फवारे थांबले की ओसाड मातीत गांडुळं आपण होऊन परततात, एवढंच त्यांचं म्हणणं. गांडुळांवर लिहिणारे पुष्कळ. आणि हे लिखाण इतकं दबकत चालत होतं, की या घरातला माणूस तिच्या मनातही आला नव्हता.

"बरोबरच विचारलंय," सासूबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून तुमच्या तोंडून कदाचित ऐकलं नाही मी. सगळे तिकडेच खर्च झाले वाटतं."

"घरात चुकलो तर तू आहेस सांभाळायला. तिथे वीस वर्षांचं काम एका ओळीत निकालात काढतात."

सून उठली. खोलीचं दार लावून तिने संस्थेच्या प्रमुख बाईंना फोन केला आणि नातं सांगून टाकलं.

"कळल्यावर काही बदललंस?"

"स्वल्पविरामसुद्धा नाही."

"मग आता हात लावू नकोस. शेवटची नजर मी टाकते. घरी सांगणार आहेस?"

बाहेर सासरे कळफलक बडवत होते.

"त्यांना परक्याचं मत हवं होतं," ती म्हणाली. "मिळालंय. राहू दे त्यांच्यापाशी."

निबंध वेळेत गेला. तीन 'कदाचित' सासऱ्यांनी स्वतःच उडवले, चौथा मात्र ठेवला.

"सूनबाई म्हणते ना, भांडतानासुद्धा एक खिडकी उघडी ठेवावी," जेवताना ते म्हणाले. "पण टिकोजीराव हुशार आहे हं."

सुनेने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

त्यानंतर ते रोज चहाआधी नियतकालिकाच्या संकेतस्थळावरचं आपल्या निबंधाचं पान उघडतात. काल सासूबाईंनी विचारलं, "छापतील ना हो?"

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला.

"कदाचित."

सासूबाई हातातलं काम टाकून त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

आज सकाळपर्यंत त्या पानावर 'परीक्षकांकडे' एवढंच दिसत होतं.