मंगळवारची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे, पण भिंतीवर डबे ठेवायची नव्हे. मी शिंप्याच्या दुकानातली, कापड बेतायची फळी. लांबी आठ फूट, रुंदी तीन फूट, उंची माणसाच्या कमरेच्या जरा वर. त्याआधी मी एका गोदामाचं दार होते. गोदाम पाडलं तेव्हा एका सुताराने मला उचलून आणलं, रंधा मारला, कुलपाच्या जागचं भोक बुजवलं आणि दोन लाकडी घोड्यांवर टाकलं. उभी होते ती आडवी झाले. त्याचं मला सुख नाही आणि दुःखही नाही.

ज्यांनी मला घेतलं त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. दुकान चिंचोळं होतं. दाराशी शिलाई मशीन, मागे मी, आणि माझ्या टोकाला स्टुलावर बसून काजं-बटणं करणारी मास्तरांची बायको. तिला सगळे वहिनी म्हणत. मास्तर माझ्यावर कापड पसरायचे, खडूने रेघ मारायचे आणि कात्री चालवायचे. कात्रीचं खालचं पातं माझ्या अंगावरून सरकत जायचं, त्यामुळे मास्तरांचा हात मला जितका ठाऊक होता तितका दुसऱ्या कोणालाच नव्हता. रेघ सोडून तो केसभरही हलत नसे.

एका मंगळवारी सकाळी फ्रिजवाला आला. हा घरोघरी जाऊन फ्रिज दुरुस्त करायचा. आला होता पँट न्यायला, पण तोंड उतरलेलं होतं. लोक फोनवर बिघाड सांगतात, फोनवरच इलाज काढून घेतात आणि घरी काही बोलवत नाहीत, अशी त्याची रड होती. मास्तरांनी आपलं सांगितलं. त्यांनाही लोक रस्त्यात गाठून ‘किती कापड लागेल हो?’ विचारायचे. मग ते म्हणू लागले की माप दुकानातच घेईन, फळीपाशी या. निम्मे लोक आलेच नाहीत, पण आले ते गिऱ्हाईक होऊन आले. फ्रिजवाल्याला ते पटलं. एका झग्याची उंची कमी करून घ्यायला आलेल्या बाई हे ऐकत उभ्या होत्या. त्या घरी बसून भाषांतरं करायच्या आणि दिवसभर त्यांच्याशी बोलायला कोणी नसे. पुढच्या मंगळवारी त्या काही शिवायचं नसताना आल्या.

मग फ्रिजवाल्याच्या ओळखीने एक केकवाली आली आणि हे चौघं दर मंगळवारी दुकान उघडण्याआधी तासभर जमू लागले. खुर्च्या नव्हत्या, त्यामुळे पाल्हाळही नसे. माझ्यावर कोपरं टेकवून सगळे उभे राहत. ज्याचं अडलं असेल त्याने सांगायचं. बाकीच्यांनी ‘तू असं कर’ म्हणायचं नाही. ‘मी असं केलं आणि त्याचं असं झालं’ एवढंच सांगायचं, फसलं असेल तर तेही. आणि गिऱ्हाईक एकमेकांकडे पाठवताना नुसता नंबर द्यायचा नाही, आपला शब्द द्यायचा. हे नियम कोणी कुठे लिहिले नव्हते. ते आपोआप पडले आणि पाळले गेले.

एकदा केकवाली रडकुंडीला आली होती. एका गिऱ्हाइकाने तिला पाच मजली केकचा फोटो धाडला होता आणि तो जमणार नाही म्हणायची तिची हिंमत नव्हती. मास्तर म्हणाले, फोटो आणला की मी हो म्हणत नाही नि नाहीही म्हणत नाही, यातलं नेमकं काय आवडलं ते विचारतो. तिने विचारलं. त्या गिऱ्हाइकाला फक्त रंग आवडला होता. पुढच्या मंगळवारी ती उरलेला केक घेऊन आली. त्याचं थोडं क्रीम माझ्या फटीत गेलं आणि मुंग्यांनी आठवडाभर मला सोडलं नाही. पण चारचौघांत माझं नाव झालं. ‘फळीवर विचारू’ असं ते म्हणू लागले. मला बरं वाटायचं, हे नाकारत नाही.

मग चौघांचीही कामं वाढली आणि सकाळचा तास कोणालाच परवडेना. फ्रिजवाल्याने फोनवर गट केला. मंगळवार आले नि गेले, माझ्यावर बटणांचे डबे चढले, न नेलेले कपडे चढले. बेतण्यापुरती जागा तेवढी रिकामी राहिली. फोनवर ते काय बोलायचे ते मला कळत नसे, फक्त टुंग ऐकू यायचं. मास्तर शिवलेल्या कपड्याचा फोटो गटावर टाकायचे, टुंग टुंग व्हायचं आणि मास्तर खूश व्हायचे.

त्याच दिवसांत कात्री रेघ सोडू लागली. आधी सूतभर, मग बोटभर. मास्तरांनी दिव्याला दोष दिला आणि दिवा बदलला. मग कापडाला दोष दिला. वहिनी शिवण उसवून गुपचूप सरळ करायची. एकदा तिने सांगून पाहिलं, “अहो, हल्ली तुमची कात्री वाकडी जाते.” मास्तरांनी फोन तिच्यापुढे धरला. तिघांनीही ‘सुंदर’ लिहिलंय, म्हणाले. एवढ्या जणांना दिसत नाही ते तुलाच कसं दिसतं, असं त्यांनी विचारलं. ती पुन्हा शिवण उसवायला बसली. आणि मला तर बोलताच येत नाही.

एक दिवस भाषांतरवाल्या बाई आणि फ्रिजवाला एकाच वेळी दुकानात आले. मास्तर समोरच्या दुकानात दोरा आणायला गेले होते आणि वहिनी घरी होती. तेव्हा बाई हळूच म्हणाल्या की मास्तरांनी शिवलेला झगा त्यांना दुसरीकडे नीट करून घ्यावा लागला. फ्रिजवाला म्हणाला, माझ्या दोन पँटी तशाच करून घेतल्या, केकताईचा एप्रनही. मास्तर आले तेव्हा दोघांनी नव्या कपड्यांचं कौतुक केलं आणि ते निघून गेले.

आणि मग ते हॉटेलचं काम आलं. केकवाली एका मोठ्या हॉटेलला केक पुरवायची. तिथल्या मॅनेजरने तिला चांगला शिंपी विचारला. नोकरमाणसांसाठी चाळीस कोट शिवायचे होते. सवयीने तिच्या तोंडून मास्तरांचं नाव निघालं आणि सोबत शब्दही गेला. ‘माझ्यापेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवा,’ असं ती बोलून बसली. मास्तरांना इतकं मोठं काम उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं. नमुन्याचा कोट शुक्रवारी दाखवायचा होता. तो पसंत पडला नसता तर काम जाणार होतं, आणि केकवालीचा शब्दही.

मंगळवारी सकाळी ती नमुना पाहायला आली. येताना बाकी दोघांनाही घेऊन आली. कोट माझ्यावर पसरलेला होता. एक पुढा, म्हणजे समोरचा पल्ला, दुसऱ्यापेक्षा दोन बोटं लांब होता आणि खिसा एका बाजूला घसरला होता. कितीतरी महिन्यांनी चौघांची कोपरं माझ्यावर टेकली. वहिनीने सुई खाली ठेवली.

“मास्तर, हा कोट वाकडा आहे,” केकवाली म्हणाली.

मास्तर हसले. कुठे आहे दाखव, म्हणाले. तिने त्यांची बोटं धरली आणि दोन्ही पुढ्यांच्या काठांवरून फिरवली. त्यांचं हसू गेलं. त्यांनी पुन्हा एकदा आपल्या हाताने काठ चाचपले.

“हाच एक की आधीचेही?”

भाषांतरवाल्या बाईंनी सांगितलं की दीड वर्षापासून हे चाललं आहे, आणि आम्ही तिघंही कपडे दुसरीकडे नीट करून घेतो.

मास्तरांनी कोटाची घडी घातली. “घरात हिने सांगितलं होतं,” ते म्हणाले. “मी हिला तुमचं लिहिलेलं दाखवलं. काम बिघडलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं, असं धरून चाललो होतो मी.”

त्याच दुपारी वहिनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. काचबिंदू निघाला. तो दुखत नाही, कडेकडेने नजर खात येतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली औषधाच्या थेंबांनी टिकवता येते. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असतात तर पुष्कळ वाचवता आलं असतं.

हॉटेलचं काम गेलं नाही. केकवालीने मॅनेजरला खरं ते सांगून आठ दिवस मागून घेतले. आता माझ्यावर वहिनी बेतते. मास्तर शेजारी उभे राहून कापडाचा पोत बोटांनी बघतात आणि तिला सांगतात. तिची कात्री सरळ चालते, पण ती त्यांची नाही. मला त्याचं वाईट वाटतं.

पुढच्या मंगळवारी तिघेही आले, पण मान वर करेनात. “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, मास्तर,” फ्रिजवाला म्हणाला.

“वाटलं असतं ना,” मास्तर म्हणाले. “आठ दिवस वाटलं असतं.”

मित्रांनो, मला पुसा, माझ्यावर ओरखडे काढू नका, असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही. मी कामाची फळी आहे, मला सगळं चालतं. पण तुमच्या ओळखीत कोणी जीव ओतून काम करत असेल आणि त्याचा हात चुकू लागला असेल, तर त्याची चूक गुपचूप दुसरीकडून नीट करून घेऊ नका. त्याच्यासमोर जाऊन उभे राहा आणि सांगा. तो रागावला तर रागावू द्या, पण त्याला वेळेत कळू द्या.