एकाच खिडकीपुढची अळी

रफूकाकूंचा जीव थाऱ्यावर नव्हता. स्टूल उचलून त्या सकाळपासून घरभर फिरत होत्या. आधी स्वयंपाकघरात, मग दाराशी, मग जिन्याच्या कठड्याला टेकून, आणि फिरून पुन्हा आतल्या खोलीतल्या खिडकीपाशी. हातात कुणाचा तरी काळा कोट होता आणि त्याच्या कोपराला वाटाण्याएवढं भोक. ते असं बुजवायचं की खुद्द मालकालाही ते कुठे होतं हे सांगता येऊ नये, हे काकूंचं आयुष्यभराचं काम. त्याला सुई लागते, धागा लागतो आणि सगळ्यांत आधी उजेड लागतो. दिव्याचा नव्हे, दिवसाचा. दिव्याखाली काळा आणि गडद निळा हे सख्खे भाऊ होऊन बसतात, कोण कुठला ते कळतच नाही.

आणि तो दिवसाचा उजेड पोटच्या लेकीनेच अडवला होता. बरं, रागाने अडवला असता तर भांडता तरी आलं असतं. प्रेमाने अडवला होता, हीच तर पंचाईत.

लेकीला सगळे खारू म्हणत, लहानपणी मिळेल त्या भिंतीवर चढायची म्हणून. मोठी झाली तरी एका जागी टिकेल तर शपथ. दुकान धरलं, सोडलं. ऑफिस धरलं, सोडलं. प्रत्येक वेळी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायची आणि म्हणायची, ‘माझ्या हातून काही धड होत नाही.’ काकूंनी हात टेकले होते. मग गल्लीत हिरव्या भिंती उभारणारे आले. इमारती इतक्या दाटीने उभ्या की झाड लावायला जमीनच नव्हती, म्हणून इमारतीच्या अंगावरच जाळी ठोकायची, जाळीला कापडी कप्पे, कप्प्यांत रोपं, आणि वरून नळीतून थेंबथेंब पाणी. त्यांची निगा राखायला दोराला लटकणारी माणसं हवी होती. भिंतीवर चढण्याचे पैसे मिळतात हे ऐकून खारू हसत सुटली. त्यानंतर पोर सकाळी न उठवता उठायला लागली. लेक दोराला टांगलेली आणि आईचा जीव टांगणीला, असे काही दिवस गेले, पण काकूंनी तोंडातून ब्र काढला नाही.

स्वतःच्याच इमारतीची भिंत वाट्याला आली तेव्हा तर खारूचे पाय जमिनीला लागेनात. तसेही ते कामामुळे लागत नव्हतेच. इतर खिडक्यांभोवतीची रोपं ती नेमाने छाटायची. आईच्या खिडकीपुढे मात्र तिने सगळ्यांत चांगले नेचे आणि मोठ्या पानांच्या वेली निवडून लावल्या, त्याही दाट, आणि त्यांना कात्री लावली नाही. धूळ येणार नाही, उन्हाची झळ लागणार नाही, असं म्हणत संध्याकाळी आईला हाताला धरून खिडकीशी नेलं. काकू म्हणाल्या, “छान झालंय गं.” तेव्हा ते खरंच छान होतं. रोपं वाढतात, ही साधी गोष्ट त्या दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आली नाही.

खोली हळूहळू विहिरीच्या तळासारखी हिरवी झाली. खारू उजाडताच बाहेर पडायची आणि परत यायची तेव्हा तसेही दिवे लागलेले असायचे. तिला कळणार कसं? मग एक गिऱ्हाईक रफू केलेला कोट परत घेऊन आलं. ते भांडलं नाही. काकूंना नुसतं रस्त्यावर उन्हात नेलं आणि बाही समोर धरली. काळ्या कोपरावर गडद निळा ठिपका स्वच्छ दिसत होता. माणूस भला होता, म्हणाला, “वय झालं काकू, नजरेचं काय चालायचंच.” काकूंना ते तोंडात मारल्यासारखं लागलं. नजर शाबूत होती. पण खिडकीपुढे लेकीनेच रान लावलंय हे त्याला कसं सांगणार?

लेकीलाही सांगता येईना. सांगितलं की ती भिंतीकडे तोंड करून झोपणार आणि ते जुनं वाक्य पुन्हा घरात येणार. त्यापेक्षा काकूंनी रफूची बारीक कात्री घेतली.

हळूच एक पान. मग दुसरं. सरळ कापलं असतं तर खारूने ताबडतोब ओळखलं असतं, म्हणून त्यांनी कडा कुरतडल्यासारख्या वेड्यावाकड्या केल्या, मधे मधे भोकं पाडली. अख्खा जन्म भोकं बुजवण्यात गेला, ती पाडण्यातही हात तितकाच साफ निघाला. काळा काळा दिसू लागला, निळा निळा. परत आलेला कोट उसवून नव्याने रफू झाला. काकूंना हलकं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली.

संध्याकाळी खारू जेवताना सांगू लागली की भिंतीला अळी लागलीय. विचित्र अळी आहे, दिसत नाही, घाण टाकत नाही, आणि नेमकी आपल्याच खिडकीपुढे खाते. बाहेरून कुणी पानं तोडत असेल, असं काकू कसंबसं म्हणाल्या. इतक्या उंच कोण येणार, असं म्हणून खारूने ते उडवून लावलं. तिने त्या कप्प्यांत खत वाढवलं, पाणी वाढवलं, नवी रोपं खोचली. खिडकी पुन्हा बुजली. काकूंनी पुन्हा कातरली. आज हात लावायचा नाही असं सकाळी ठरवायचं आणि चहा निवायच्या आत बोटं शिवशिवायची. खारूचं जेवण सुटलं. पानं उलटी करकरून ती अळीची अंडी शोधायची.

भिंतींच्या कामावरचा मुकादम मात्र शोधाशोधीतला नव्हता. रोग इतर इमारतींवर गेला तर भिंत तुझ्याकडून काढून घेईन, असं त्याने खारूला सगळ्यांसमोर सुनावलं, आणि जालीम औषध फवारायला सांगितलं. औषधाने अळी मरते. माणसाचा घसाही जळतो. काकूंना यातलं काहीच माहीत नव्हतं. आज पोर नेहमीसारखीच उजाडताच बाहेर पडली होती.

घरभर फिरवलेलं स्टूल शेवटी खिडकीशी टेकवून काकू कोटावर वाकल्या, तोच पानांपलीकडे दोर करकरला. मग खोकला ऐकू आला. कोरडा, थांबता न थांबणारा. काकूंनी फटीतून पाहिलं. खारू पट्ट्याला लटकली होती, पाठीवर पंप, तोंडाला नुसता रुमाल, आणि डोळ्यांतून धारा. ती वरच्या मजल्यापासून फवारत खाली आली होती आणि आता नळी या खिडकीच्या पानांवर रोखत होती. नसलेल्या अळीसाठी पोर विष पीत होती.

काकूंनी कात्री उचलली, झडप आत ओढली आणि दोन्ही हातांनी वेली फाकवल्या. खारू दचकून मागे झुलली. काकूंनी तिच्या डोळ्यांसमोर एक पान धरलं आणि त्याची कड कातरली, वेडीवाकडी, अगदी रोजच्यासारखी.

“ती अळी मीच आहे,” काकू म्हणाल्या. “फवारू नकोस.”

खारूने पानाकडे पाहिलं, मग कात्रीकडे. मग प्रथमच आईच्या खांद्यावरून आत पाहिलं. भरदुपारी खोलीत अंधार होता. फाकलेल्या वेलींतून आलेला उन्हाचा पट्टा थेट स्टुलावरच्या कोटावर पडला होता आणि त्यात सुई चमकत होती. तिचा चेहरा रागाने लाल झाला आणि पुढच्याच क्षणी लहान मुलीसारखा वाकडा झाला. काकूंना वाटलं, संपलं. आता ती भिंतीकडे तोंड करणार. पण भिंतीकडे तोंड करूनच तर ती लटकली होती.

खालून मुकादमाने ओरडून विचारलं, नळी का थांबली, अळी सापडली का?

हो म्हणून एखादी मेलेली अळी दाखवली असती तरी भिंत तिच्याकडे राहिली असती. काकूंनी तर मान हलवून तिला तसं सुचवलंही.

खारूने रुमाल तोंडावरून खाली ओढला. “अळी नाहीये,” ती खाली वाकून म्हणाली. आवाज बसला होता, तरी गल्लीभर ऐकू गेला. “इथे खिडकी आहे. आत माझी आई राहते. लावण मी चुकवली.”

तिने पंपाची नळी पट्ट्यात खोचली आणि आईच्या खिडकीपुढचा पहिला कप्पा जाळीवरून ओढून काढला.