बाबांची मात्रा आणि आईचं बाळंतगृह

घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून बाबा घरी बसले आणि पंधरा दिवसांत आम्हा मायलेकींना कळून चुकलं, की यांच्या हाताला काहीतरी उद्योग दिलाच पाहिजे. तोवर त्यांनी मिक्सर उघडून परत जोडला होता, दाराच्या बेलचा आवाज तीनदा बदलला होता आणि आईला कांदा कसा चिरावा ते समजावून सांगितलं होतं. शेवटी मीच रोपवाटिकेतून कोबीची आठ रोपं आणली आणि पुढच्या गॅलरीत त्यांच्या हवाली केली.

बाबांनी त्या रोपांचे जे लाड केले, ते माझ्या वाट्याला कधी आले नाहीत. कुंड्या पट्टीने मोजून एका ओळीत. पाणी मोजून. पानांवर धूळ बसली तर ओल्या कापसाने पुसून काढायचे. महिनाभरात पानं हाताएवढी झाली आणि एका सकाळी त्यांना भोकं पडलेली दिसली. बाबांनी डोळ्याला भिंग लावून पान उलटं केलं. मधल्या शिरेला चिकटून, अगदी पानाच्याच रंगाची एक अळी आरामात बसली होती. एक कसली, आठ कुंड्यांत मिळून एकवीस.

"माझ्या गॅलरीत!" बाबा म्हणाले. जणू अळ्यांनी येण्याआधी विचारायला हवं होतं.

त्यांनी बारीक चिमटा काढला, डब्यात साबणाचं पाणी घेतलं आणि एकेक अळी उचलून त्यात सोडायला लागले. आई चहा घेऊन आली. तिने डब्यात डोकावलं आणि चहा तसाच घेऊन परत आत गेली. आईने तीस वर्षं प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून काढली आहेत. जे जे लहान, मऊ आणि वळवळणारं, ते सगळं तिच्या लेखी बाळ.

"अहो, खातं वय आहे त्यांचं," ती आतून म्हणाली.

"मग दुसरीकडे जाऊन खा म्हणावं."

एकेक अळी वेचणं बाबांना कमीपणाचं वाटलं असावं. त्यांनी एक मात्रा तयार केली. लसूण, हिरव्या मिरच्या, भांडी घासायचा साबण आणि आणखी चार वस्तू, ज्या ते कुणालाच सांगत नसत. बरणीत तीन दिवस मुरल्यावर तिला असा वास सुटला, की दूधवाला पिशवी खालच्या पायरीवर ठेवून परत जायला लागला. चौथ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी ती इस्त्रीच्या पाण्याच्या बाटलीत भरली आणि सगळ्या रोपांवर फवारली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पाहतात तर एकाही पानावर एकसुद्धा अळी नाही.

"मात्रा लागू पडली!" बाबा ओरडले.

मात्रा कशी लागू पडली ते मला माहीत होतं. मी बेकरीत कामाला आहे, पहाटेच निघावं लागतं. त्या दिवशी चप्पल घालताना मला गॅलरीत आई दिसली. चष्मा लावून ती माझ्या जुन्या रंगाच्या ब्रशने एकेक अळी वाटीत उतरवून घेत होती. मी मागोमाग गेले. आमच्या मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीनच्या आडोशाला, मी लहानपणी ज्या टबात आंघोळ केली त्या टबात आईने पानांसाठी मोहरी पेरली होती. वाटी तिथे हळूच उलटी झाली.

"बाबांना सांगू नकोस," आई म्हणाली. "चोरी नाही की चहाडी नाही. नुसती बदली केली आहे."

हे असं पाच-सहा आठवडे चाललं. पहाटे आई बदल्या करायची आणि सात वाजता बाबा स्वच्छ पानांवर मात्रा मारून छाती फुगवायचे. मागच्या गॅलरीत धुणं वाळत असतं आणि लग्न झाल्यापासून बाबांनी धुण्याकडे पाहिलेलं नाही, त्यामुळे आईचा कारभार बिनबोभाट चालला होता. एकच गोष्ट आम्हाला कळत नव्हती. अळ्या संपायच्या ऐवजी वाढत होत्या. वाटी पुरेना, आईने वाडगा घेतला. घरात अधूनमधून पांढरी फुलपाखरं भिरभिरायला लागली.

"माझा कोबी बघायला येतात," बाबा म्हणाले.

मग बाबांनी मात्रेच्या बाटल्या भरून इमारतीत वाटल्या. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी ती आपल्या गच्चीतल्या फ्लॉवरवर मारली आणि तिसऱ्या दिवशी बाटली परत घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"घड्याळवाले, तुमच्या औषधाने माझ्या अळ्यांची भूक वाढली."

"फवारता कशा?"

"म्हणजे?"

"झाडाभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरून फवारायचं असतं. उलट्या दिशेने फवारलं असणार तुम्ही."

वकीलबाईंनी बाटली बाबांच्या हातात दिली. "रविवारी येते," त्या म्हणाल्या. "प्रात्यक्षिक दाखवा. अळी मी आणते."

रविवारी त्या आल्या त्या झाकणाच्या डब्यात फ्लॉवरचं पान आणि त्यावर एक लठ्ठ अळी घेऊन. बाबांनी ते पान बशीत ठेवलं, बशीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने नीट फिरून मात्रा फवारली आणि मागे सरकले. अळीने अंग झटकलं, मान वर केली आणि पुन्हा खायला सुरुवात केली.

"एक तास द्या तिला," बाबा म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आम्ही सगळे बैठकीच्या खोलीत चहाला बसलो. आई बिस्किटं आणते म्हणून उठली आणि बिस्किटांना जरा जास्तच वेळ लागला. तास झाल्यावर गॅलरीत जाऊन पाहिलं तर बशीत पान होतं, अळी नव्हती.

"बघा!" बाबा म्हणाले.

"मला काहीच दिसत नाही."

"तेच तर! संपली!"

"संपली तर प्रेत कुठे आहे?"

बाबा गडबडले. "विरघळलं."

मला हसू आवरेना म्हणून मी खोकायला लागले. आई गाऊनच्या खिशावर हात ठेवून आभाळाकडे बघत होती. वकीलबाईंनी पान उचलून उलटसुलट पाहिलं, बोटांचा वास घेतला, तोंड वाकडं केलं, "हात धुऊन येते" म्हणाल्या आणि कुणी अडवायच्या आत मागच्या गॅलरीतल्या बेसिनकडे गेल्या.

"सगळ्यांनी इकडे या," तिथून त्यांचा अगदी शांत आवाज आला.

टबात मोहरीच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या आणि प्रत्येक काडीवर रांगेने अळ्या होत्या. टबाच्या कडेला, मशीनच्या नळीवर, बाबांच्या वाळत घातलेल्या बनियनच्या शिवणीवर कोष लटकत होते. आमच्या डोळ्यांदेखत एक कोष फुटला, त्यातून ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं. शेजारचं एक फुलपाखरू, पंख वाळवून तयार असलेलं, उडालं. आम्ही त्याच्यामागे. ते स्वयंपाकघरातून बैठकीत, बैठकीतून पुढच्या गॅलरीत गेलं आणि बाबांच्या तिसऱ्या कुंडीतल्या कोबीवर उतरून पानाखाली अंडी घालायला लागलं.

बाबांनी ते सगळं पाहिलं. मग ते आईकडे वळले.

"म्हणजे हे..."

"मला काय माहीत त्या परत येतील म्हणून?" आई म्हणाली. "माझ्याकडून डिस्चार्ज घेतलेलं बाळ आजवर कधी परत आलं नव्हतं."

"खिशात काय आहे?" वकीलबाईंनी विचारलं.

आईने त्यांची अळी काढून दिली.

बाबा दोन दिवस कोबीकडे गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मात्रेची बरणी मोरीत ओतली (मोरीला वास आठवडाभर होता) आणि आईला विचारलं, "जुनी मच्छरदाणी कुठे ठेवलीस?" आईने ती काढली आणि शिलाई मशीन घेऊन बसली. फुलपाखराला पानापर्यंत पोहोचूच दिलं नाही तर मारायचीही गरज नाही आणि बदलीचीही नाही, एवढी साधी गोष्ट दोघांना पटायला दीड महिना लागला होता. बाबांनी आधी पानांमागची पिवळी अंडी बोटाने पुसून काढली. मग आईने आपण शिवलेल्या टोप्या आठही कुंड्यांना घालून खाली दोरीने आवळून बांधल्या. अंडी पुसताना मात्र ती आत निघून गेली होती.

राहिला टब. तो पोस्टामागच्या रानटी गवताच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवायचं ठरलं. वर टॉवेल टाकून आई-बाबांनी तो दोन बाजूंनी धरला, मी दारं उघडत पुढे आणि साक्षीदार म्हणून वकीलबाई मागे. अर्ध्या रस्त्यात बाबा थबकले. टॉवेलखालून एक नुकतंच निघालेलं फुलपाखरू त्यांच्या बाहीवर चढलं होतं.

"झटका की," वकीलबाई म्हणाल्या.

"पंख ओले आहेत अजून," बाबा दरडावून म्हणाले.

त्यांच्या बाजूने मी टब धरला. बाबा हात कोपरात वाकवून, भरलेला पेला नेत असल्यासारखे, गवतापर्यंत चालत आले आणि तिथेही तसेच उभे राहिले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. जाणारे-येणारे वळून बघत होते. आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मी आणि वकीलबाईंनी उगाचच पोस्टाच्या भिंतीकडे तोंड केलं.

शेवटी फुलपाखराने पंख दोनदा मिटून उघडले, वर उठलं, एक गिरकी घेतली आणि सरळ आमच्या इमारतीच्या दिशेने निघालं.

"अगं, दोऱ्या घट्ट बांधल्यास ना?" बाबांनी विचारलं.

आई उत्तर द्यायला थांबलीच नाही. ती केव्हाच घराकडे पळत सुटली होती.