माझी हरकत नाही

दीपक बोरस्ते सरांच्या वर्गात वर्तमानपत्राशिवाय बसायची सोय नव्हती. नाशिकच्या त्या विधी महाविद्यालयात बाकीचे प्राध्यापक राज्यघटना पुस्तकातून शिकवायचे, सर ती सकाळच्या बातमीतून शिकवायचे. कुणीतरी उभं राहून बातमी वाचायची, की सर खडू बोटांत फिरवत विचारणार, "कोणत्या कलमाखाली?" कांद्याची निर्यात थांबली, कोणत्या कलमाखाली? पालिकेने फुलवाल्या बायकांच्या टोपल्या उचलून नेल्या, कोणत्या कलमाखाली? पोरं इतकी तयार झाली होती की कँटीनमध्ये कुणी कुणाचा वडापाव पळवला तरी हाच प्रश्न यायचा.

दुसरा रिवाज याहून जाच देणारा होता. त्याचं नाव 'बाजू पलटा'. ज्याने घसा फोडून एक बाजू मांडली, त्यानेच उठून समोरच्या बाकावर जायचं आणि दुसरी मांडायची. भल्याभल्यांचा तोरा तिथे उतरायचा. समोरच्याचं दुखणं कळल्याशिवाय वकिली करू नये, असं सरांचं म्हणणं. नियम सगळ्यांना सारखा होता, फक्त सरांना कधी लागू झाला नव्हता. मास्तरांना कोण सांगणार?

त्यांची मुलगी वेदिका याच वर्गात शिकली. कॉलेजात ती त्यांना 'सर' म्हणायची आणि घरी जाताना स्कूटरवर मागे बसली, की 'बाबा'. वर्गातला वाद इंदिरानगरच्या घरापर्यंत चालायचा, जेवणाच्या टेबलावरही चालायचा. शेवटी वेदिकाची आई, प्रतिभाताई, पोळ्यांचा डबा आदळून म्हणायच्या, "कोर्ट उठलं. ताटं घ्या." बापलेकीचं ते भांडण म्हणजे त्या घरातला सण होता.

मग एका संध्याकाळी वेदिका स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला जीवनशी लग्न करायचंय." जीवन तिच्याबरोबर पुण्यात काम करणारा वकील, दुसऱ्या जातीचा. पोरगी जाणार, एवढंच सरांना कळलं. पण लगेच त्यांना आपण कोण आहोत ते आठवलं. घसा साफ करून ते म्हणाले, "तू सज्ञान आहेस. जोडीदार निवडणं हा तुझा कलम एकवीसचा अधिकार आहे. माझी हरकत नाही."

पूर्ण गुण दिल्यासारखं बोलले आणि परत पेपरात डोकं घातलं.

वेदिका तशीच उभी होती. "अजून काही नाही बाबा?"

"अजून काय? अधिकार म्हणजे अधिकार."

सायखेड्याहून सरांचे थोरले भाऊ कोंडाजीनाना आले, तेव्हा मात्र घर दणाणलं. नानांनी जात काढली, भावकी काढली, टेबलावर मूठ आपटली. सरांनी शांतपणे घटना समजावायला घेतली तेव्हा नाना आणखीच खवळले. "दीपक, तू बाप हे का जज? पोरीच्या डोळ्यात पाणी हे, अन् तू कलमं सांगतो व्हय!"

सरांना वाटलं, जुना माणूस, याला काय कळणार?

लग्न पुण्यात नोंदणी पद्धतीने झालं. त्याच दिवशी सरांची परीक्षेची ड्युटी होती. "ड्युटी असेल तर नका येऊ," वेदिका फोनवर म्हणाली, आणि सर गेले नाहीत. तिच्या इच्छेचा मान राखला, असं ते पुढे बरेच दिवस लोकांना सांगत होते. प्रतिभाताई एकट्या गेल्या. परत आल्यावर त्या आठवडाभर नवऱ्याशी कामापुरतंच बोलल्या.

गंमत बघा. आकांडतांडव करणारे नाना वर्षभर फुगून बसले आणि राग ओसरल्यावर बागेतल्या द्राक्षांची पेटी खांद्यावर घेऊन थेट पुण्याला पोचले. वेदिका त्यांच्या गळ्यात पडून रडली. जीवनने त्यांना सिंहगड दाखवला. भांडलेल्या माणसाला निदान समेट करता येतो. सरांचं भांडणच नव्हतं, मग ते काय मिटवणार? त्यांची हरकत नव्हती, आणि पोरगी घरी येत नव्हती.

दर रविवारी तिचा आईला फोन यायचा. मग फोन सरांकडे. "बरे आहात?" "बरा आहे. तू?" "बरी." की फोन परत आईकडे. सर गॅलरीत जाऊन उभे राहायचे. वर्तमानपत्र उघडताना ते अजून आतली पानं वेगळी काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवायचे, कारण ती आधी आतली पानं वाचायची. स्कूटर गतिरोधकावरून नेताना अजून हळू करायचे. मागे कुणी नसायचं, तरी. लेक आठवली की जे काही व्हायचं, त्याला नाव काय द्यायचं ते त्यांना एकाही पुस्तकात सापडलेलं नव्हतं.

"तिला बोलवा ना," प्रतिभाताई म्हणायच्या.

"तिचं घर आहे. तिला कुणी अडवलंय का?"

"अडवलं असतंत तर बरं झालं असतं," एकदा त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

यंदा फेब्रुवारीत, द्राक्षांचे टेम्पो महामार्गावरून धावू लागले त्या दिवसांत, दिशा नावाच्या मुलीने वर्गात एक बातमी वाचली. दूरच्या कुठल्याशा जिल्ह्यातल्या बापाने उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला होता : माझ्या मुलीला नवऱ्याच्या घरच्यांनी डांबून ठेवलंय, तिला हजर करा. मुलीला हजर केलं. ती म्हणाली, मी माझ्या मर्जीने राहते. न्यायालयाने अर्ज निकाली काढला.

"कोणत्या कलमाखाली?" सर म्हणाले आणि स्वतःच सुटले. मुलीचं स्वातंत्र्य, सज्ञान व्यक्तीची निवड, बापाच्या मर्जीला कायद्यात जागा नाही. सर रंगात आले, की ऐकत राहावं असं बोलत. पोरं भराभर लिहून घेत होती.

ते थांबल्यावर दिशाने हात वर केला. "सर, तुम्ही दर वर्षी मुलीच्याच बाजूने बोलता, असं सीनियर सांगतात. आज बाजू पलटा."

वर्गात हशा पिकला. मग एकेक जण बाक वाजवायला लागला. "पलटा! पलटा!" सर हसले. नियम त्यांचाच होता, पळणार कुठे? ते समोरच्या बाकाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात मागे बांधले.

"माननीय न्यायालय," त्यांनी सुरुवात केली, "अर्जदार हा मुलीचा बाप आहे. मुलगी सज्ञान आहे. तिला कुणीही डांबलेलं नाही. अर्ज टिकणार नाही, हे अर्जदाराला माहीत आहे."

"मग सर," मागून ललित ओरडला, "अर्ज केलाच कशाला?"

सरांनी मागे बांधलेले हात सोडले. बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"त्या निमित्ताने ती कोर्टात येईल," सर हळूच म्हणाले. "त्याला दिसेल तरी."

कुणी हसलं नाही. दिशाने पेन खाली ठेवलं. सरांनी फळ्याकडे तोंड केलं, डस्टर उचललं आणि कोरा फळा पुसत राहिले. मग वर्गाकडे न बघताच म्हणाले, "आज एवढंच," आणि बाहेर पडले.

पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून त्यांनी फोन लावला. एवढ्या काळात स्वतःहून पहिल्यांदा.

"बाबा? आईला काय झालं?" वेदिकाचा आवाज घाबरलेला.

"आई ठीक आहे. काही झालं नाही." त्यांना पुढचं वाक्य सुचेना. जन्मभर वाक्यांवरच पोट भरलेला माणूस. "वेदू, तू घरी ये."

मग तिने विचारलं, "कोणत्या कलमाखाली, बाबा?" ती चिडवत होती की रडत होती, ते त्यांना कळलं नाही.

"कलम नाही गं," सर म्हणाले. "मला करमत नाही. तू येत नाहीस, याला माझी हरकत आहे. तेव्हा दारात उभी होतीस, तेव्हाही होती. खूप होती."

वेदिका हमसून रडायला लागली. लहानपणी स्कूटरवरून पडली होती तेव्हा अशीच रडली होती. पुढच्या तासाची घंटा झाली, वरच्या मजल्यावर पोरं सरांची वाट बघत बसली. सर फोन कानाला लावून तिथेच उभे होते.