कपाटामागची भिंत

मी भिंत बोलतेय. मागच्या खोलीची, खिडकीच्या बाजूची. भिंतींना कान असतात असं तुम्ही म्हणता, ते खरंच आहे. पण कान देणाऱ्याने तोंड दिलं नाही, आणि माझी सगळी कहाणी त्या एका उणिवेची आहे.

माझा जन्म घाईत झाला. या जागेच्या मागच्या अंगाला पूर्वी विहीर होती. दगडमाती, फुटक्या विटा, गंजके डबे, हाताला येईल ते टाकून ती कुणीतरी बुजवली होती. माझा अर्धा पाया टणक जमिनीवर येत होता आणि अर्धा त्या भरावावर. गवंड्याने पहार मारून पाहिली, तर ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली.

"इथे खूप खोल जावं लागेल," तो मालकाला म्हणाला. "नाहीतर दोन-तीन वर्षं थांबा. माती बसू द्या."

मालक घड्याळं दुरुस्त करायचा. सगळे त्याला घड्याळजीच म्हणत. "दोन-तीन वर्षं? अहो, बायको दिवसांत आहे. भाड्याची खोली चार-सहा महिन्यांत सोडायचीय. तुम्ही बांधा हो, काही होत नाही."

गवंड्याने मान हलवली आणि बांधलं. विटा चांगल्या होत्या, चुना-सिमेंटात कसूर नव्हती. खोट होती ती पायाखाली.

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. घड्याळजी याच खोलीत काम करायचे. दुरुस्त झालेली घड्याळं चार दिवस माझ्यावर टांगून ठेवायचे, वेळ बरोबर दाखवतात का ते बघायला. बारा वाजले की माझ्या अंगावर एकच कल्लोळ व्हायचा. त्यांचा मुलगा कानात बोटं घालून हसायचा.

मग एका वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून केसाएवढी भेग निघाली. घड्याळजींनी ती पुट्टी भरून बुजवली. दीड वर्षाने ती पुन्हा उघडली, आणखी हातभर वर सरकली. पुढे खोलीचं दार उघडं ठेवलं तरी आपोआप मिटायला लागलं. त्यांची बायको म्हणायची, "अहो, कुठेतरी पाणी मुरतंय. कुणाला तरी दाखवा."

"जुनं घर आहे, कुरकुरणारच," ते म्हणायचे. पण ती वळली की भेगेवरून अंगठा फिरवायचे. नजर तयार होती त्यांची. अर्ध्या केसाएवढं सरकलं तरी कळायचं.

बायको गेली. हात कापायला लागले, तसं कामही सुटलं. मुलाने परगावी बोलावून घेतलं आणि घर विकायचं ठरलं. तेव्हा माझ्या भेगेत बोट जात होतं. एका रविवारी घड्याळजींनी एकट्याने ती आतून-बाहेरून भरली, वरून रंग दिला आणि शेजाऱ्याच्या मदतीने भलंमोठं लाकडी कपाट माझ्यापुढे आणून उभं केलं. त्यात जुनी मासिकं आणि लोखंडी अवजारं ठासून भरली. एवढं सगळं करताना त्यांनी माझ्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही.

मग ते जोडपं आलं. ती इस्पितळात नर्स, तो छापखान्यात कामाला. बरोबर त्याची आई. तिघं आठ वर्षं एका खोलीत राहत होती. घरात शिरताच नर्सबाईंनी खिडक्या उघडल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या.

"आई, ही मागची खोली तुमची," त्या म्हणाल्या.

"अख्खी?" सासूबाईंनी विचारलं.

तेवढ्यात दार आपोआप मिटलं. मला वाटलं, आता तरी कुणी विचारेल. नवरा हसला. "बघ आई, दार लावायलासुद्धा उठायला नको!" घड्याळजीही हसले, पण घशातल्या घशात.

कर्ज बँकेचं होतं, म्हणून बँकेने मूल्यांकन करणारा माणूस पाठवला. चुणचुणीत, वक्तशीर गृहस्थ. खोल्या मोजल्या, छताकडे पाहिलं, गच्चीवर जाऊन आला, फोटो काढले. माझ्यापाशी येऊन त्याने कपाटावर टिचकी मारली.

"हे हलेल का?"

"गच्च भरलंय हो," घड्याळजी म्हणाले. "चार माणसं लागतील."

त्याने वहीत काहीतरी लिहिलं. मी जीव एकवटला. एखादा पोपडा पडावा, थोडी माती झरावी, काहीही व्हावं. पण रंग ताजा होता. काही पडलं नाही.

जाता जाता नर्सबाईंनी त्याला गाठलं. "साहेब, घर चांगलं आहे ना?"

"बाई, मी बँकेसाठी आलोय," तो सरळपणे म्हणाला. "उद्या हे घर विकायची वेळ आली, तर बँकेचं कर्ज निघेल का, एवढंच मी बघतो. राहायला कसं आहे, कुठे काय दुखतंय, ते बघायला तुमचा स्वतःचा इंजिनीअर आणा."

नर्सबाईंच्या मनात ते राहिलं. दोन दिवसांनी याच खोलीत त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आणू या का कुणाला? एका दिवसाचं तर काम."

"अगं, बँक काय वेडी आहे? एवढं कर्ज देतेय ती बघूनच ना? आणि घड्याळजीकाका म्हणतात, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे. आपण बघत बसू आणि घर जाईल हातचं."

दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मला माहीत होतं. मी दिवसभर त्याच घरात होते.

किल्ल्या देताना घड्याळजी म्हणाले, "कपाट राहू द्या तुम्हालाच. आमची आठवण."

नर्सबाईंचे डोळे भरून आले. "किती भला माणूस," असं त्या पुढे कितीतरी जणांना सांगत राहिल्या.

सासूबाईंनी पलंग माझ्या जवळच लावला. दुपारी त्या आडव्या झाल्या की मी श्वास रोखायचे. छताचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं आणि माझा अर्धा पाय रोज थोडाथोडा खचत होता. मला ओरडून सांगायचं होतं, "आई, तो पलंग हलवा हो!" त्याऐवजी माझ्या पोटातून फक्त 'टक' असा आवाज निघायचा.

"भिंतीत काहीतरी वाजतं गं," सासूबाई एकदा म्हणाल्या.

"उंदीर असतील, आई. पिंजरा लावते."

पिंजरा लावला. त्यात काय सापडणार होतं?

आठव्या महिन्यात कपाटाचं दार अडकलं. कपाटाखालची जमीन माझ्या बाजूने खचली होती. नवऱ्याने शेजाऱ्यांना बोलावून ते ओढलं. मागे पुट्टीचा ढीग पडला होता आणि माझ्यात तळहात जाईल एवढी फट होती. बाहेरच्या अंगाला झुडपं होती, तिकडे कुणी जात नसे; फटीतून तिथला उजेड आत आला. मग नर्सबाईंनी आधी पलंग खेचला, सासूबाई त्यावर बसलेल्या असतानाच.

आता इंजिनीअरबाई आल्या. केस पिकलेल्या, पायात कापडी बूट. त्यांनी माझ्यावर हातोडीने टकटक केलं, मी सरळ उभी आहे का ते बघायला ओळंबा सोडला, फटीवर काचेची पट्टी चिकटवली. "ही तुटली तर भिंत अजून सरकतेय," म्हणाल्या. अकराव्या दिवशी काच तुटली. पायाजवळ खणलं, तेव्हा गंजके डबे निघाले.

"विहीर," त्या म्हणाल्या. "भिंत पाडावी लागेल. खाली टणक जमीन लागेपर्यंत उतरायचं आणि नवा पाया वर आणायचा. तोवर या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही." मग विचारलं, "घेण्याआधी का नाही बोलावलंत मला? कपाट सरकवायला सांगितलं असतं, बास."

नवरा बँकेत जाऊन भांडला. साहेबांनी शांतपणे मूल्यांकनाचा अहवाल काढला आणि चौथ्या पानावरची ओळ वाचून दाखवली: 'मागील खोलीतील कपाटामागची भिंत पाहता आली नाही.' तो अहवाल नवरा-बायकोने कधी मागितलाच नव्हता. घरी येऊन त्याने ती ओळ बायकोला सांगितली आणि उंबरठ्यावर डोकं धरून बसला.

निरोप गेल्यावर घड्याळजी आले. दारातच थांबले.

"काका, तुम्हाला माहीत होतं?" नर्सबाईंनी विचारलं.

"होतं." ते म्हणाले, "वाटलं, इतकी वर्षं उभी आहे, आणखी राहील."

"माझी सासू झोपायची तिथे."

कागदावर 'घर आहे त्या स्थितीत घेतलं' अशी नवरा-बायकोची सही होती. आलेले पैसे मुलाच्या घरात गेले होते, आणि त्या घरात त्यांना कोपऱ्यातली एक खाट होती. "मी काय करू, सांगा," ते म्हणाले. सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं. दारी आलेल्याला द्यायचं, या सवयीने. ते त्यांनी उभ्यानेच प्यायलं आणि गेले.

आज माझ्या अंगाला चार लोखंडी टेकू लावले आहेत. खडूने माझ्यावर मोठी फुली मारली आहे. सासूबाई पुन्हा बाहेरच्या खोलीत, नवरा-बायकोच्या अंथरुणाशेजारी झोपतात. नवरा छापखान्यात जादा पाळी करतो. कर्जाचा हप्ता चुकत नाही. त्या कर्जात माझीही किंमत आहे, उद्या मी नसले तरी.

मला रागावू नका. मी कुणाला फसवलं नाही, पण वाचवूही शकले नाही. हे आठ महिने मी एकच गोष्ट करू शकले, ती म्हणजे पडले नाही. दुपारी त्या म्हातारीचा श्वास संथ व्हायचा, तेव्हा सगळं बळ लावून उभी राहिले.

तुम्ही कधी घर बघायला गेलात, तर खिडकीतला उजेड बघाच, पण आम्हालाही थोडा वेळ द्या. जाणकार माणूस आणून आमच्यावर ठोकून बघा. आम्हाला खोटं बोलता येत नाही. विचारल्याशिवाय खरंही सांगता येत नाही.

सकाळी मजूर येतील. छताला आधार देऊन मगच मला हात लावा, एवढंच त्यांना सांगणं आहे. आत माणसं राहतात.